सोळा सेंट

फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
हँगरचा हीटर खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो,
आणि मी विमानात उलटी:
पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलांखाली,
टॉर्च दातांत.
शेहेचाळीस सालचं हे दोन सीटचं यंत्र,
पिवळा रंग झिजून झिजून साबणाच्या वडीसारखा.
यात बसत नाही कुणी,
तंग कोट चढवावा तसं हे अंगावर घालावं लागतं.

"काय दिसतं?" ओरेस्त बाहेरून.
गंज दिसतो. एक वाळलेली माशी.
बुटांतून गळलेली वाळू,
विनिपेग तळ्याच्या काठची असणार,
जाळी ओढणाऱ्यांनी आत आणलेली.
आणि दोन स्प्रिंगा, करंगळीएवढ्या.
एक अजून मिटलेली.
दुसरीच्या वेटोळ्यांतून टॉर्चचा उजेड आरपार.

डावी.
मी पैज लावली होती उजवीवर.
उडताना इंजिन नाक डावीकडे ओढतं,
म्हणून दर वेळी दाबायचा तो उजवाच पाय.
ओरेस्त हसला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचं, दोन दात कमी असलेलं हसू.
"उजवं पुढे गेलं की डावं मागे येतं, सिग्रून.
दाबलं जातं एक, ताणली जाते दुसरी.
माझ्या बायकोला विचार."

व्हर्नियर लावला. अकरा मिलिमीटर जास्त.
अकरा मिलिमीटरांत थोरा बायर्नसनची एकतीस वर्षं:
बर्फावरच्या धावपट्ट्या, मासळीच्या पेट्या, टपाल,
एकदा चर्चचा हार्मोनियम, सुटा करून, तीन खेपांत.
विकताना फोनवर एवढंच म्हणाली होती,
"पेडल जरा मऊ आहे,"
गुडघ्याबद्दल सांगावं तसं.

नव्या स्प्रिंगा हाताने उघडेनात.
ओरेस्तने तंबाखूचा जुना डबा काढला,
त्यात एक-एक सेंटची नाणी,
सरकारने बंद केलेली, दुकानदार घेत नाहीत ती.
शेगड्यात धरून स्प्रिंग एका अंगाला वाकवली,
फटीफटीत नाणी सरकवली,
मग दुसऱ्या अंगाला वाकवून उरलेली.
एकीत आठ, दुसरीत आठ.
ताणलेल्या स्प्रिंगा आता नुसत्या अडकवायच्या होत्या.
अडकवल्या. पिना घातल्या, टोकं वळवली.
पक्कडीने एकेक नाणं उपसलं,
आणि दर वेळी लोखंडाने जरासा श्वास आत घेतला.

डब्यात मोजली. पंधरा.
पुन्हा मोजली. पंधरा.
हीटरसुद्धा गप्प.
दोन हजार फुटांवर एक सेंट घरंगळतो,
पेडलाच्या बिजागरीत जाऊन बसतो,
आणि मग पायाने कितीही सांगा.

चुंबक फिरवला. तांबं चुंबकाचं ऐकत नाही.
तारेचा आकडा, आरसा, ओली बोटं,
दीड तास.
शेवटी ओरेस्तने शेपूट खांद्यावर घेतली,
गव्हाचं पोतं घ्यावं तशी, आणि हलवली.
आत काहीतरी निघालं,
थांबलं,
पुन्हा निघालं
आणि माझ्या कपाळाशी येऊन पडलं.
त्याच्या मागून आणखी एक.

दोन.
एक आमचा.
दुसरा काळा पडलेला, राजाच्या डोक्याचा,
सन एकोणीसशे एकोणपन्नास.
किती हिवाळे तो या फळीखाली उडत होता,
पेडलापासून एक बोट अंतरावर,
देव जाणे.

संध्याकाळी थोराला फोन केला.
आर्बोर्गच्या वृद्धाश्रमात जेवणाची घंटा वाजत होती.
सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली,
"माझाच तो. पाठवून दे."
पाकिटाला तिकीट लागलं एक डॉलरच्या वर.

लॉगबुकात लिहिलं:
रडर पेडलच्या स्प्रिंगा बदलल्या, दोन्ही. तपासल्या.
तारीख. सही.
डावी जुनी माझ्या कोटाच्या खिशात आहे.
दुकानात रांगेत उभी असले की बोटांनी ओढून बघते.
ती येते लांब, सहज,
आणि परत जायला
वेळ लावते.